विंधन विहिरीवरील पंपासाठी सौर पॅनेल नेमके किती लागतील?

प्रश्न

माझ्या विंधन विहिरीवर १.५ अश्वशक्तीचा सिंगल फेज सबमर्सिबल पंप आहे आणि तो सध्या डिझेल जनरेटरवर चालतो. डिझेलची ने-आण, रोजचा आवाज आणि वरचेवर येणारी दुरुस्ती यांना कंटाळून हा पंप सौरऊर्जेवर न्यायचे मी ठरवले आहे. मात्र पॅनेल किती बसवावेत, या पहिल्याच प्रश्नावर अडलो आहे.

माहिती अशी आहे. बोअर ९० मीटर खोल असून तिचा व्यास १५० मिलिमीटर आहे. पंप ७० मीटरवर सोडलेला आहे. काही महिन्यांपूर्वी मोजली तेव्हा पाण्याची पातळी जमिनीपासून ३२ मीटर खाली होती. टाकी बोअरपासून ८० मीटर अंतरावर आहे आणि तिच्यात पाणी पडते ते तोंड बोअरच्या तोंडापेक्षा ६ मीटर उंच आहे. बोअरमधला पाइप ३२ मिलिमीटर आतल्या व्यासाचा, तर जमिनीवरचा २५ मिलिमीटरचा आहे. सर्वाधिक गरजेच्या दिवसांत मला रोज २० घनमीटर, म्हणजे २०,००० लिटर पाणी लागते.

दोन विक्रेत्यांना विचारले. पहिला म्हणतो की १.५ अश्वशक्ती म्हणजे १.१ किलोवॅट, तेव्हा १.२ किलोवॅटचे पॅनेल पुरे होतील. दुसरा म्हणतो की ५ किलोवॅटपेक्षा कमी बसवण्यात अर्थ नाही. एकाच पंपासाठी दिलेल्या दोन उत्तरांत चौपट फरक कसा पडतो, हे मला उमगत नाही. शिवाय पंपाची खोली ७० मीटर आहे म्हणून हेड, म्हणजे पंपाने पाणी चढवायची एकूण उंची, ७० मीटर धरायचे का, आणि बॅटरी घ्यावी का, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद १

दोन्ही विक्रेत्यांनी मोजणीची सुरुवात पंपाच्या अश्वशक्तीपासून केलेली दिसते. ती पाण्यापासून करायला हवी. सौर पंपाला रोज काम किती करायचे आहे हे दोनच गोष्टी ठरवतात: दिवसाला किती पाणी उचलायचे आणि ते किती उंच उचलायचे. एक घनमीटर पाणी एक मीटर उचलायला २.७२५ वॅट-तास लागतात. हा आकडा गुरुत्वाकर्षणातून येतो, त्यामुळे तो कोणत्याही कंपनीच्या कोणत्याही पंपाला लागू आहे आणि तो पाठ असला तर कोणत्याही विक्रेत्याचे उत्तर दोन मिनिटांत तपासता येते.

आता उंचीकडे वळू. पंप ७० मीटरवर आहे म्हणून हेड ७० मीटर होत नाही. पंपाच्या वर जितके पाणी उभे असते, तितके त्याला उचलावे लागत नाही, कारण ते पाणी बाहेरच्या दाबामुळे पाइपातही त्याच पातळीपर्यंत आपोआप चढलेले असते. मोजायचे ते पाण्याच्या पातळीपासून. पण कोणत्या पातळीपासून, इथे बहुतेकांची चूक होते. तुमचे ३२ मीटर ही पंप बंद असतानाची पातळी आहे. उपसा सुरू झाला की पातळी खाली जाते आणि झऱ्यांची आवक व उपसा यांचा मेळ बसेल तिथे स्थिरावते. हिशेबात ती स्थिरावलेली पातळी धरायची असते. तुमच्या बोअरमध्ये ती किती खाली जाते हे तुम्ही दिलेले नाही, म्हणून मी तूर्तास १० मीटर धरतो. मग ३२ अधिक १० म्हणजे ४२, त्यात टाकीची उंची ६ मिळवून ४८ मीटर झाले.

यापुढे पाइपातील घर्षण. ताशी ४ घनमीटर पाणी वाहत असताना २५ मिलिमीटरच्या गुळगुळीत प्लॅस्टिक पाइपात दर १०० मीटरला साधारण २१ मीटर हेड खर्च होते. ३२ मिलिमीटरच्या पाइपात तेच साडेसहा मीटरच्या आसपास येते आणि ४० मिलिमीटरच्या पाइपात जेमतेम दोन मीटर. व्यास थोडा वाढला की घर्षण इतके झपाट्याने उतरते, कारण ते व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताने बदलते. तुमच्या बोअरमधल्या ७० मीटर पाइपात साडेचार मीटर जातात, तर जमिनीवरच्या ८० मीटर बारीक पाइपात तब्बल १७ मीटर. म्हणजे टाकी ६ मीटर उंच आहे, पण तिथवर आडवे जाण्यासाठी पंप जवळपास तिप्पट उंची चढल्याइतके कष्ट करतो आहे.

एकूण हेड ७० मीटर आले. पंपाच्या खोलीइतकाच आकडा आला हा निव्वळ योगायोग आहे, त्यावरून कृपया नियम बांधू नये. आता २० गुणिले ७० गुणिले २.७२५ म्हणजे ३,८१५ वॅट-तास. हे झाले पाण्याला प्रत्यक्ष मिळणारे काम. सौर वापरासाठी बनवलेला चांगला पंप आणि त्याची मोटर मिळून विजेपासून पाण्यापर्यंत साधारण ४५ टक्के कार्यक्षमता देतात, म्हणजे विजेची गरज सुमारे ८,५०० वॅट-तास, साडेआठ युनिट. दिवसाला पूर्ण तीव्रतेच्या उन्हाचे ५ तास धरले आणि उष्णता, धूळ, तारा व कंट्रोलर (पॅनेलची वीज पंपाला जुळवून देणारी पेटी) यांतील घट लक्षात घेऊन पॅनेलच्या लेबलवरील क्षमतेच्या ७५ टक्केच हाती येते असे मानले, तर २.२६ किलोवॅटचे पॅनेल लागतात.

जमिनीवरचा पाइप ४० मिलिमीटरचा केला तर तिथले १७ मीटर दोनच्या आत येतात, सांधे आणि व्हॉल्व्ह यांसाठी एक मीटर धरूनही एकूण हेड ५५ मीटर राहते आणि पॅनेलची गरज १.८ किलोवॅटच्या खाली उतरते. जवळपास अर्धा किलोवॅट पॅनेल केवळ एका पाइपाने वाचतो. पॅनेल वाढवण्याआधी पाइप बदलावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिल्या विक्रेत्याची चूकही यातून दिसते. १.१ किलोवॅट ही मोटरच्या दांड्यावर मिळणारी शक्ती आहे. या आकाराची सिंगल फेज सबमर्सिबल मोटर तेवढी शक्ती देण्यासाठी सुमारे १.६ किलोवॅट वीज ओढते, आणि १.२ किलोवॅटचे पॅनेल तापलेल्या दुपारी जेमतेम ०.९ किलोवॅट देतात.

प्रतिसाद २

वरील हिशेबाशी मी सहमत आहे. त्यात ५ किलोवॅटचे कोडे सुटलेले नाही, ते सोडवायचा प्रयत्न करतो. दुसरा विक्रेता तुम्हाला फसवतो आहे असे मला वाटत नाही. तो बहुधा वेगळ्याच प्रकारची यंत्रणा डोळ्यांसमोर ठेवून बोलतो आहे.

सौर पॅनेलवर साधी एसी मोटर चालवण्याचा प्रचलित मार्ग म्हणजे व्हीएफडी, अर्थात मोटरचा वेग कमी-जास्त करणारा सौर इन्व्हर्टर. २३० व्होल्टच्या थ्री फेज मोटरला पूर्ण वेगाने फिरवायचे असेल तर या यंत्राला पॅनेलकडून सुमारे ३२५ व्होल्ट डीसी मिळावे लागतात आणि ४०० व्होल्टच्या मोटरला ५६५ व्होल्ट. आता ५४० वॅटचे एक पॅनेल घ्या. लेबलवर त्याचे कार्यकारी व्होल्टेज ४१ च्या आसपास लिहिलेले असते, पण ते २५ अंश तापमानाला. उन्हात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापले की तेच ३५ व्होल्टवर येते. ३२५ ला ३५ ने भागले तर नवापेक्षा जास्त, म्हणजे एका ओळीत दहा पॅनेल लागतात आणि दहा पॅनेलचे झाले ५.४ किलोवॅट! पाणी उचलायला इतकी ऊर्जा लागतच नाही. ती संख्या केवळ व्होल्टेज गाठण्यासाठी आली आहे. लहान पंपांच्या बाबतीत हे वारंवार घडते आणि ग्राहकाला त्याचे कारण क्वचितच सांगितले जाते.

तुमची सध्याची मोटर तर सिंगल फेज आहे. तिच्यासाठी हा मार्ग मी सुचवणार नाही. सुरू होताना ती चालू स्थितीच्या कित्येक पट प्रवाह ओढते, आणि कपॅसिटरवर चालणाऱ्या मोटरचा वेग कमी करू लागलो तर तिचा जोर आणि तापमान दोन्ही बिघडतात. मी स्वतः हा प्रयोग केला होता. २ किलोवॅटचे पॅनेल आणि बॅटरीवरचा ३ किलोवॅटचा घरगुती इन्व्हर्टर लावून १ अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर जोडली. कागदावर सगळे भरपूर होते. बटण दाबले की मोटर अर्धा सेकंद घुमायची, इन्व्हर्टरचा लाल दिवा लागायचा आणि सगळे शांत व्हायचे. दहा-बारा वेळा असे केल्यावर मोटरचा सुरुवातीचा कपॅसिटर फुगून फाटला. पेटी उघडली तेव्हा आतली बाजू तेलकट झालेली होती आणि जळका वास दोन दिवस गेला नाही. चूक सर्वस्वी माझी होती, कारण मी चालू भार पाहिला आणि सुरुवातीचा भार पाहिलाच नाही.

म्हणून जुना पंप सुटा काढून जनरेटरसाठी राखून ठेवावा आणि बोअरमध्ये कायमचुंबक मोटरचा, स्वतःच्या कंट्रोलरसह मिळणारा सौर पंप उतरवावा, असे मी सुचवतो. असे अनेक पंप १०० ते २०० व्होल्टच्या टप्प्यात काम करतात, त्यामुळे तीन-चार पॅनेलवर भागते. त्यांचा कंट्रोलर मोटरला हळूहळू वेग देतो, त्यामुळे सुरुवातीचा धक्का नसतो. जुन्या सिंगल फेज पंपाची एकूण कार्यक्षमता ३५ ते ४० टक्के असते, तिथे यांची ४५ ते ५५ टक्के मिळू शकते. काही कंट्रोलरना डीसीबरोबर एसी वीजही जोडता येते. तसा मिळाला तर सलग ढगाळ दिवसांत हाच पंप जनरेटरवरही चालेल.

पंप निवडताना एक गोष्ट अवश्य पाहावी. केंद्रोत्सारी पंपाचा वेग कमी झाला की प्रवाह त्याच प्रमाणात कमी होतो, पण दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात उतरतो. वेग ८० टक्के झाला तर हेड ६४ टक्केच उरते. बंद व्हॉल्व्हवर १०० मीटर हेड देणारा पंप घेतला आणि पाणी प्रत्यक्ष ५० मीटर उचलायचे असले, तर वेग ७१ टक्क्यांच्या खाली असेपर्यंत पंप नुसता फिरत राहतो, वर थेंबही येत नाही. सकाळी आणि संध्याकाळी हेच होते. सबमर्सिबल मोटर बाजूने वाहणाऱ्या पाण्याने थंड राहते, त्यामुळे असे नुसते फिरणे तिला मानवत नाही. पाणी वर येईल त्या वेगाच्या खाली मोटर थांबावी, अशी मर्यादा कंट्रोलरमध्ये घालून ठेवावी. याउलट पिळाच्या रोटरचा पंप प्रत्येक फेऱ्याला ठरावीक पाणी ढकलतो, त्यामुळे मंद उन्हातही थोडे का होईना पाणी देतो. कमी प्रवाह आणि जास्त उंची असेल तिथे तो फार चांगला. ताशी ४ घनमीटर आणि ६० मीटरच्या आसपास हेड ही सीमेवरची स्थिती आहे, म्हणून दोन्ही प्रकारांचे आलेख मागवून आपल्या हेडवर कोण किती पाणी देतो ते ताडून पाहावे.

प्रतिसाद ३

आतापर्यंतच्या चर्चेत एक प्रश्न कोणी विचारलेला नाही: ताशी ४ घनमीटर पाणी द्यायची या बोअरची ताकद आहे का?

डिझेलवर पंप चालवताना तुम्ही पाणी संपले की बंद करता आणि पुन्हा भरले की चालू करता. सौर पंपाला दिवसाचे पाच-सहा तासच मिळतात, आणि त्यातही भर दुपारी तो सर्वात जोरात ओढतो. बोअर ही टाकी नव्हे. १५० मिलिमीटर व्यासाच्या बोअरमध्ये एक मीटर उंचीला अवघे पावणेअठरा लिटर पाणी मावते. पातळी ३८ मीटरवर गेली असे समजू, तर पंपाच्या वर ३२ मीटरचा स्तंभ उरतो, म्हणजे साडेपाचशे-पावणेसहाशे लिटर. ताशी ४,००० लिटरने उपसले तर साडेआठ मिनिटांत तो संपतो. त्यापुढचे प्रत्येक लिटर झऱ्यांतूनच यावे लागते.

म्हणून उपसा चाचणी घ्या, आणि ती कोरड्या महिन्यांत घ्या. पातळी मोजायला महागडे उपकरण लागत नाही. मी एका दोरीच्या टोकाला तोंड खाली करून एक लहान धातूचा पेला बांधला आहे आणि दोरीला दर मीटरला रंगीत धाग्याची गाठ मारली आहे. पेला पाण्याला टेकला की खालून स्पष्ट ‘डुबुक’ असा आवाज येतो. दोरी वीतभर वर-खाली करून आवाज दोन-तीनदा ऐकायचा आणि गाठी मोजायच्या. मात्र पंप चालू असताना उघडी दोरी बोअरमध्ये सोडू नये, ती केबलभोवती गुंडाळली गेली तर पंपच वर काढावा लागतो. पंप उतरवतानाच त्याच्या शेजारी पाऊण इंची पाइप सोडून ठेवावा आणि मोजणी त्यातूनच करावी. त्यात पेला मावत नाही, म्हणून तिथे दोन उघड्या टोकांची वायर आणि मल्टीमीटर वापरावा. टोके पाण्याला लागली की मीटरचा आकडा हलतो.

बोअर तितके पाणी देत नसेल तर निराश होण्याचे कारण नाही. लहान पंप जास्त तास चालवावा. त्यासाठी निम्मे पॅनेल पूर्वेकडे आणि निम्मे पश्चिमेकडे कलते करून दोन समांतर ओळी जोडल्या, तर दुपारचा शिखर-प्रवाह बसतो आणि सकाळ-संध्याकाळचा वाढतो. एरवी पॅनेलचे तोंड विषुववृत्ताकडे आणि कल त्या जागेच्या अक्षांशाइतका ठेवतात.

बॅटरीबद्दल विचारले आहे. माझे उत्तर नाही असेच आहे. वीज साठवण्यापेक्षा पाणी साठवा. टाकीत चढलेले पाणी लागेपर्यंत तसेच राहते, त्याला चार्जिंग लागत नाही आणि त्याची क्षमता दरवर्षी घटत नाही. दोन ते तीन दिवसांची गरज भागेल एवढी टाकी बांधली की बहुतेक ढगाळ दिवस निभावतात. टाकीत फ्लोट स्विच आणि बोअरमध्ये पातळीचा सेन्सर हे दोन्ही पहिल्या दिवसापासून बसवावेत. कोरडा चाललेला पंप काही मिनिटांत निकामी होऊ शकतो, आणि सौर पंपाजवळ दिवसभर कोणी उभे नसते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. मी लगेच उत्तर दिले नाही, कारण आकड्यांशिवाय पुन्हा लिहिण्यात अर्थ नव्हता. कोरडे महिने येईपर्यंत थांबलो आणि आता मोजणी करून लिहीत आहे.

पंप बंद असतानाची पातळी ३८ मीटरवर गेली आहे. म्हणजे मी आधी दिलेले ३२ मीटर चांगल्या दिवसांतले होते आणि त्यावर सगळी खरेदी केली असती तर नेमके गरजेच्या वेळी पाणी कमी पडले असते. बोअरच्या तोंडाशीच पाइप सोडवून पाणी २०० लिटरच्या पिंपात घेतले. पिंप तीन मिनिटांत भरला, म्हणजे ताशी ४ घनमीटर. सलग चार तास पंप चालवून दर पंधरा मिनिटांनी पातळी मोजली. पहिल्या तासात ती भराभर उतरली, दुसऱ्या तासात गती मंदावली आणि शेवटचा दीड तास ती ४७ मीटरवर जागची हलली नाही. बोअर तेवढे पाणी देते आहे हे पाहून मोठा दिलासा मिळाला.

त्यानंतर तोच पिंप टाकीपाशी नेऊन, पाइप पुन्हा जोडून आणि त्याचे तोंड टाकीच्या उंचीवर धरून भरला. या वेळी चार मिनिटे लागली. त्याच पंपाचे, त्याच दिवशीचे पाणी ताशी ४ वरून ३ घनमीटरवर आले. घर्षणाचा हिशेब वाचला तेव्हा तो पटला होता, पण पिंपाशेजारी घड्याळ घेऊन उभे राहिल्यावर तो खऱ्या अर्थाने कळला. जमिनीवरचा पाइप ४० मिलिमीटरचा करायचे ठरवले आहे.

आता हिशेब असा मांडला आहे. पातळी ४७, टाकी ६ आणि घर्षण ७ मिळून ६० मीटर. २० घनमीटरसाठी ३,२७० वॅट-तास, ४५ टक्क्यांनी भागून सुमारे ७,२७० वॅट-तास वीज. वर्षाच्या सरासरीऐवजी महिन्यानुसार ऊन पाहिले. कोरड्या महिन्यांत ते ५.५ तास आहे, त्यावरून १.७६ किलोवॅट येतात. सर्वात ढगाळ महिन्यात ऊन ३.९ तासच आहे, पण तेव्हा माझी गरज १४ घनमीटरवर येते आणि पातळी वर आल्याने हेडही ५० मीटर राहते, तिथे १.४५ किलोवॅट पुरतात. म्हणजे ऊन सर्वात कमी असलेला महिना नव्हे, तर कोरडा महिनाच निर्णायक ठरतो. त्यावर धूळ आणि पॅनेलचे वय यांसाठी २० टक्के वाढ धरून २.१ किलोवॅट, म्हणजे ५४० वॅटचे चार पॅनेल घ्यावेत असे वाटते. ते चारही एका ओळीत जोडणार आहे. कायमचुंबक मोटरचा जो पंप पाहिला आहे, त्याच्या कंट्रोलरवर कमाल २०० व्होल्ट असे लिहिले आहे आणि चार पॅनेलचे कार्यकारी व्होल्टेज १६४ होते, तेव्हा अडचण येऊ नये. यात काही चुकत असल्यास सांगावे.

प्रतिसाद २ लिहिणाऱ्याचे पुन्हा उत्तर

मोजणी इतकी नीट केलीत, याचे फार समाधान वाटले. महिन्यानुसार मांडलेला हिशेबही बरोबर आहे. मात्र शेवटच्या जोडणीत धोका आहे, तेवढी दुरुस्ती खरेदीपूर्वी करावी.

कंट्रोलरची कमाल मर्यादा कार्यकारी व्होल्टेजशी ताडायची नसते. ती पॅनेलवर भार नसतानाच्या व्होल्टेजशी ताडायची असते. ५४० वॅटच्या पॅनेलचे ते व्होल्टेज सुमारे ४९.५ असते, म्हणजे चारांचे १९८. हे २५ अंशांचे झाले. पॅनेल थंड असेल तर व्होल्टेज वाढते, दर अंशाला साधारण ०.२७ टक्के. पहाटे तापमान ५ अंशांवर उतरले असेल आणि सूर्य उगवताच पहिले ऊन थंड पॅनेलवर पडले, तर पंप सुरू होण्याआधीच्या त्या काही क्षणांत ओळीवर २०९ व्होल्ट येतात. कंट्रोलर जळायला तेवढे पुरेसे आहे, आणि बरेचसे उत्पादक अशा बिघाडाला हमी देत नाहीत. म्हणून त्याच पंपासाठी जास्त व्होल्टेज पेलणारा कंट्रोलर मिळतो का ते पाहावे. तो मिळत नसेल आणि दोन पॅनेलच्या ८२ व्होल्टवर हा पंप तुमच्या हेडला पूर्ण वेगाने चालतो असे उत्पादकाच्या तक्त्यात दिसत असेल, तर दोन-दोन पॅनेलच्या दोन समांतर ओळी कराव्यात. नुसते ‘चालतो’ असे लिहिलेले पुरेसे नाही. ६० मीटर हेडवर त्या व्होल्टेजला किती पाणी मिळते, तो आकडा मागावा.

पॅनेल आणि कंट्रोलर यांच्यामध्ये लावायचा खटका डीसीसाठीच बनवलेला असावा. एसी प्रवाह सेकंदात अनेक वेळा शून्यावर येतो, त्यामुळे एसी खटका उघडताना उठलेली ठिणगी आपोआप विझते. डीसीत ती विझत नाही आणि खटका आतून वितळतो. पॅनेलची चौकट, कंट्रोलर आणि बोअरची केसिंग एकाच अर्थिंगला जोडावी व कंट्रोलरच्या डीसी बाजूला सर्ज प्रोटेक्टर लावावा, कारण उघड्यावर उभ्या असलेल्या पॅनेलजवळ वीज पडली तर लाट तारेतूनच आत येते.

नवा पंप उतरवताना पातळी मोजण्याचा पाऊण इंची पाइपही त्याच दिवशी सोडून घ्यावा. पुढच्या कोरड्या महिन्यांत पातळी ४७ मीटरच्याही खाली गेली, तर पाणी का घटले याचे उत्तर सर्वात आधी त्याच पाइपातून मिळेल.